दुसऱ्या पसंतीचं मत

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची पहिली मोजणी संपली आणि कुणालाही निम्मी मतं मिळालेली नाहीत हे स्पष्ट झालं. अनुरा कुमार दिसानायके ४२.३१ टक्के, सजिथ प्रेमदासा ३२.७६ टक्के, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रानिल विक्रमसिंघे तिसरे. १९८२ पासून झालेल्या प्रत्येक निवडणुकीत विजेता पहिल्याच मोजणीत निम्म्याच्या पुढे गेला होता, त्यामुळे पुढे काय करायचं ते नियमात लिहिलेलं असूनही कधी करायची वेळ आली नव्हती. पहिले दोघे ठेवायचे, बाकीच्या सगळ्यांच्या मतपत्रिका पुन्हा हातात घ्यायच्या, आणि त्यांवर या दोघांपैकी कुणाला दुसरी किंवा तिसरी पसंती दिली आहे ते पाहायचं.

अशा मतपत्रिका तेहतीस लाखांहून अधिक निघाल्या. त्यांतून दिसानायके यांच्या पारड्यात पडली १,०५,२६४ मतं आणि प्रेमदासांच्या पारड्यात १,६७,८६७. दोन्ही मिळून पावणेतीन लाखही नाहीत. उरलेल्या तीस लाखांहून अधिक मतपत्रिकांवर या दोघांपैकी कुणाच्याही नावापुढे पसंतीचा आकडा नव्हता. त्या बाजूला ठेवल्या गेल्या आणि दिसानायके निवडून आले.

निकाल बरोबरच लागला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी लिहितोय ते त्या तीस लाख मतपत्रिकांबद्दल. त्यांतल्या बऱ्याचशा सिंहली मतदारांच्याच असणार, कारण रानिल यांना देशभर मतं होती. पण जाफन्यातल्या तमिळांच्या, नुवारा एलियाच्या चहामळ्यांतल्या मजुरांच्या, पूर्व किनाऱ्यावरच्या मुस्लिमांच्या मतपत्रिकाही त्यांत होत्या. राष्ट्राध्यक्ष निवडताना अल्पसंख्याकांच्या हाती जे एकमेव खरं हत्यार आहे, ते या लोकांना कुणी वापरायलाच शिकवलेलं नाही.

मराठी वाचकाला ही पद्धत नवी वाटू नये. विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यानं मत दिलंय, त्याला पसंतीक्रम, कोटा, बाद फेरी हे सगळं पाठ असतं. आपले राष्ट्रपतीही असेच निवडले जातात. १९६९ साली संजीव रेड्डींच्या विरोधात व्ही. व्ही. गिरी जिंकले ते दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच. हेच गिरी १९४७ ते १९५१ या काळात कोलंबोत भारताचे उच्चायुक्त होते. चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांचं नागरिकत्व आणि मताधिकार काढून घेतला गेला, तो याच काळात.

मी चहाच्या धंद्यातला माणूस. कोलंबोतल्या एका निर्यातदाराकडे टी-टेस्टर म्हणून बरीच वर्षं काढली. दर आठवड्याच्या लिलावाआधी शेकडो वाट्या चाखायच्या, थुंकायच्या, नोंदी करायच्या. कोणत्या मळ्याचा माल कोणत्या उंचीवरचा आहे हे डोळे मिटून सांगता यायला लागलं, तरी तो खुडणारी माणसं कोण, हे कळायला मला हॅटनला जावं लागलं. तिथल्या एका मळ्यातले कणक्कपिळ्ळै, म्हणजे हजेरी आणि हिशेब ठेवणारे कारकून, माझे स्नेही झाले. आता निवृत्त आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. मी त्यांना ऐया म्हणतो, ते मला तंबी म्हणतात. माझं तमिळ मोडकंतोडकं, त्यांचं इंग्रजी जुन्या गोऱ्या साहेबांच्या वळणाचं, पण आमचं निभतं.

ऐयांच्या वडिलांनी १९४७ च्या निवडणुकीत मत दिलं होतं. त्या वेळी मळ्यांतल्या तमिळांचे सात खासदार निवडून आले होते. १९४८ चा नागरिकत्व कायदा आला, पाठोपाठ निवडणूक कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १९५२ च्या निवडणुकीत त्यांचा एकही खासदार उरला नाही. लाखो माणसं कोणत्याच देशाची राहिली नाहीत. मग १९६४ चा शास्त्री-सिरिमावो करार झाला. सव्वापाच लाख भारतानं न्यायचे, तीन लाख श्रीलंकेनं ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. गोदामातल्या पोत्यांची वाटणी करावी तशी ही माणसांची वाटणी होती, आणि ज्यांची वाटणी झाली त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारावं लागेल असं मतच त्यांच्याकडे नव्हतं. ऐयांचा मोठा भाऊ भारताच्या वाट्याला गेला. तलैमन्नारहून बोटीनं रामेश्वरम आणि तिथून नीलगिरीत कोटगिरीला, तमिळनाडू सरकारच्या चहामळ्यावर. ऐया त्या दीड लाखांत अडकले. १९८८ च्या कायद्यानंतर त्यांचा प्रश्न सुटला आणि आयुष्यातलं पहिलं मत त्यांनी १९९४ साली दिलं, तेव्हा केस पिकायला लागले होते.

२०२४ च्या मतदानाच्या दिवशी मी हॅटनलाच होतो. मळ्यातल्या शाळेत केंद्र होतं. बायका सकाळीच येऊन गेल्या. डाव्या करंगळीला जांभळी शाई लावून परतलेल्या बायका लायनींच्या पायरीवर बसून एकमेकींची बोटं बघत होत्या. लायन म्हणजे ब्रिटिशांच्या काळात मजुरांसाठी बांधलेल्या एकाला एक लागून असलेल्या खोल्यांची रांग. एक खोली, पुढे चिंचोळी पडवी, वर पत्रा. घराखालची जमीन मळ्याची, घर मळ्याचं. दोनशे वर्षं होत आली, तरी त्यात राहणाऱ्या बहुतेकांच्या नावावर त्यातली वीतभर जागा नाही.

मी ऐयांना विचारलं, दुसरी पसंती कुणाला दिलीत? ते म्हणाले, दिली नाही. युनियनच्या माणसानं सांगितलं होतं, आपल्या माणसापुढे एकच खूण करायची, दुसरं काही लिहायचं नाही, उगाच मत बाद होईल. एकच खूण केली तरी मत वैध धरतात हे खरं आहे. पण एक, दोन, तीन असे आकडे नीट लिहिले तर मत बाद होत नाही, आणि हे ऐयांसारख्या आयुष्यभर आकडे लिहिणाऱ्या माणसालासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. मग ते म्हणाले, ‘‘तंबी, आमच्या मताला वजन असतं ते संध्याकाळी चारपर्यंत.’’ चारला मतदान संपतं.

त्याच वर्षीच्या मे दिनाला कोटगलाच्या सभेत रानिल विक्रमसिंघे यांनी मळ्यातली रोजची मजुरी १,७०० रुपये करण्याची घोषणा केली होती. मळा कंपन्या कोर्टात गेल्या. शेवटी मूळ मजुरी १,३५० वर ठरली. बहुतेक मळ्यांत दिवसाला अठराएक किलो पाला खुडला तरच तो रोज पूर्ण पदरात पडतो. निवडणुकीच्या वर्षी घोषणा आणि निवडणुकीनंतर वाटाघाटी, हा क्रम मळ्यातली पोरंसुद्धा ओळखतात. इथले पुढारी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराशी बोलतात ते मंत्रिपदाचं किंवा मजुरीच्या आकड्याचं. त्यांचा एक गट एका उमेदवारामागे, दुसरा दुसऱ्यामागे. २०२४ ला सिलोन वर्कर्स काँग्रेस रानिल यांच्या बाजूला होती, मनो गणेशन यांची आघाडी प्रेमदासांच्या. प्रेमदासा पहिल्या दोघांत असल्यानं त्यांची मतं तशीही मोजणीत राहिली. वर्कर्स काँग्रेसनं आपल्या लोकांना दुसऱ्या पसंतीबद्दल नीट समजावलं असतं, तर रानिल यांना पडलेली मतंही मोजणीच्या दुसऱ्या फेरीत जिवंत राहिली असती.

उत्तरेकडचा अनुभव याहून कडवट आहे. २००५ साली लिट्टेनं, म्हणजे तमिळ वाघांनी, बहिष्काराचा हुकूम काढला आणि जाफना जिल्ह्यात जेमतेम सव्वा टक्का मतदान झालं. महिंदा राजपक्षे पावणेदोन-दोन लाखांच्या फरकानं जिंकले. त्यानंतर जे युद्ध झालं, त्याची किंमत मोजली ती मत न देणाऱ्यांनी. २०१० ला त्याच तमिळ भागानं ज्यांच्या हाताखाली सैन्यानं ते युद्ध लढलं त्या सरथ फोन्सेका यांना भरभरून मतं दिली, कारण समोर राजपक्षे होते. आपल्या घरावर तोफा डागणाऱ्या सैन्याच्या सेनापतीला मत देताना तिथल्या बायकांच्या मनात काय झालं असेल, याचा विचार मी आजही करतो. २०१५ ला तमिळ आणि मुस्लिम मतांमुळे मैत्रीपाल सिरिसेना साडेचार लाखांनी निवडून आले. नवी राज्यघटना येणार म्हणून उत्तरेत आशा वाढली. ती आली नाही.

आणि मग २०१९. ईस्टरच्या रविवारचे बॉम्बस्फोट होऊन सात महिने झाले होते. गोटाबाया राजपक्षे ५२.२५ टक्के मतांनी जिंकले, जाफन्यात त्यांना सहा टक्क्यांच्या आसपास मतं होती. शपथविधीसाठी त्यांनी अनुराधापुरातला रुवनवेलिसाय स्तूप निवडला. तमिळ राजा एळालनला हरवणाऱ्या दुट्टगामणीनं तो बांधवला, हे तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतं. शपथ घेतल्यावर त्यांनी सांगितलं, की केवळ सिंहली बहुसंख्याकांच्या मतांवर आपण जिंकू शकतो हे आपल्याला ठाऊक होतं, तमिळ आणि मुस्लिमांनाही बोलावलं होतं, प्रतिसाद अपेक्षेइतका मिळाला नाही.

ज्या राष्ट्राध्यक्षाला तुमचं मत लागत नाही तो काय करू शकतो, हे पुढच्याच वर्षी दिसलं. कोरोनानं मेलेल्या प्रत्येकाचं दहन करायचं, दफन नाही, असा नियम झाला. जागतिक आरोग्य संघटना दफन सुरक्षित आहे म्हणत होती तरी. अडीचशेहून अधिक मुस्लिमांची प्रेतं जाळली गेली. डिसेंबर २०२० मध्ये वीस दिवसांचं एक बाळ आई-बापांच्या संमतीवाचून जाळलं गेलं. त्यानंतर कोलंबोतल्या बोरेल्लाच्या स्मशानाच्या कुंपणाला लोक पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधून जायचे. कफनाचं कापड. ऑफिसला जाताना मी त्या बघितल्यात. रात्री कुणीतरी काढून टाकायचं, सकाळी पुन्हा बांधलेल्या असायच्या. त्या बांधणाऱ्यांत साडीतल्या सिंहली बायकाही होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम मागे घेतला गेला, आणि सरकारनं माफी मागितली ती २०२४ च्या जुलैत, दुसरे राष्ट्राध्यक्ष असताना, निवडणूक दोन महिन्यांवर आल्यावर.

म्हणून मला वाटतं, राष्ट्राध्यक्ष तमिळ किंवा मुस्लिम व्हावा हा आजचा प्रश्न नाही. २०१२ च्या जनगणनेप्रमाणे तीन-चतुर्थांश लोकसंख्या सिंहली आहे, आणि राज्यघटनेचं नववं कलम बौद्ध धर्माला अग्रस्थान देतं. आतापर्यंतचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष सिंहली बौद्धच होता आणि आणखी काही काळ तसंच राहील. लक्ष्मण कदिरगामर यांच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. परराष्ट्रमंत्री म्हणून साऱ्या जगात मान होता, २००४ ला पंतप्रधानपदासाठी नाव चर्चेत होतं, ते झाले नाहीत. पुढच्या वर्षी वाघांच्या नेमबाजानं त्यांना मारलं. तमिळ म्हणून एका बाजूला चालले नाहीत, सरकारचे म्हणून दुसऱ्या बाजूला. आजचा प्रश्न हा आहे की सिंहली उमेदवाराला निवडून येण्यासाठी तमिळाच्या आणि मुस्लिमाच्या दारात जावं लागेल की नाही, आणि गेल्यावर काय कबूल करावं लागेल.

हे कसं करता येतं त्याचं एक चांगलं उदाहरण श्रीलंकेच्याच इतिहासात आहे. १९८८ साली रणसिंघे प्रेमदासा, म्हणजे सजिथ यांचे वडील, अटीतटीची लढत देत होते. मुस्लिम काँग्रेसचे एम. एच. एम. अश्रफ यांनी त्यांच्याकडे मंत्रिपद मागितलं नाही. संसदेत जागा मिळण्यासाठी एखाद्या पक्षाला जिल्ह्यात किमान साडेबारा टक्के मतं लागत, ती अट पाच टक्क्यांवर आणा, असं ते म्हणाले. निवडणुकीच्या आधीच, त्याच डिसेंबरात, पंधरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. प्रेमदासा ५०.४३ टक्क्यांनी जिंकले. अश्रफ गेले, प्रेमदासा गेले, पण ती पाच टक्क्यांची अट आजही आहे आणि तिच्यामुळे लहान पक्ष, नुसते मुस्लिमच नव्हे, संसदेत पोचतात. दिसानायके यांचा पक्षही बरीच वर्षं अशाच लहान आकड्यांवर टिकून होता. घटनेत बसलेली गोष्ट मंत्र्याच्या खुर्चीसारखी पुढच्या फेरबदलात जात नाही.

२०२४ ला तमिळांच्या काही पक्षांनी आणि नागरी संघटनांनी मिळून पी. अरियनेत्तिरन यांना शंख चिन्हावर सामाईक उमेदवार म्हणून उभं केलं. कल्पना मला मुळात पटलेली. १९८२ मध्ये कुमार पोन्नम्बलम यांनीही हेच केलं होतं आणि जाफना जिल्ह्यात ते पहिले आले होते. अरियनेत्तिरन यांना २,२६,३४३ मतं पडली, जाफन्यात ते प्रेमदासांच्या अगदी थोडे मागे राहिले. पण तमिळ अरसु कच्ची हा मोठा पक्ष अधिकृतपणे प्रेमदासांच्या मागे गेला, आणि दोन्ही गट आपसांतच भांडत बसले. माझ्या मते भांडण्याचं कारणच नव्हतं. पहिली पसंती शंखाला, दुसरी वाटाघाटीत ठरेल त्याला, हे दोन्ही एकाच मतपत्रिकेवर मावतं. पहिल्या आकड्यानं आपण कोण आहोत ते सांगायचं, दुसऱ्यानं राष्ट्राध्यक्ष ठरवायचा. सामाईक उमेदवार हरणारच, म्हणून मत वाया जाणार, हा आक्षेप या पद्धतीत टिकत नाही.

नायजेरियाचा मार्ग मला अनेकांनी सुचवला. तिथं राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती सर्वाधिक मतं पुरत नाहीत, किमान दोन-तृतीयांश राज्यांत पंचवीस टक्के मतं लागतात. १९७९ ला तर एकोणीस राज्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे बारा की तेरा, यावर शेहू शगारी यांची निवड कोर्टात गेली होती. पण श्रीलंकेत हा नियम लंगडा पडेल. नऊ प्रांतांपैकी अल्पसंख्याक एकवटलेले आहेत ते मुख्यतः उत्तर आणि पूर्व या दोनांत. सहा प्रांतांची अट घातली तरी २०१९ ला गोटाबाया ती आरामात पार करून गेले असते. शिवाय डोंगराळ भागातले तमिळ आणि कोलंबोतले मुस्लिम प्रांताच्या हिशेबात दिसतही नाहीत. पसंतीक्रमाला प्रांताच्या सीमा नसतात.

काही सिंहली मित्र म्हणतात, आता हे सगळं मागे पडलं. सप्टेंबरात दिसानायके यांना जाफन्यात सात टक्के मतं होती, नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्यांची आघाडी तिथं पहिली आली, सहापैकी तीन जागा जिंकल्या, देशभरात २२५ पैकी १५९. नुवारा एलियाहून मळ्यांतल्या तमिळ समाजातली मुलगी खासदार झाली. हे मोठं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ऐयांनी मला फोन करून ते सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता. पण त्याच सरकारच्या पहिल्या मंत्रिमंडळात एकही मुस्लिम मंत्री नव्हता. उत्तरेच्या प्रांतिक परिषदेची शेवटची निवडणूक २०१३ ला झाली, मुदत २०१८ ला संपली, तेव्हापासून कारभार राज्यपालांच्या हाती आहे. एका चांगल्या लाटेवर एवढा मोठा भार टाकू नये. लाट ओसरते, २०१५ ची ओसरलेली आपण पाहिली.

राष्ट्राध्यक्षपदाची ही सर्वाधिकारी रचनाच रद्द करावी, असं सत्ताधारी आघाडीच्या जाहीरनाम्यात आहे. प्रांतांना खरे अधिकार देऊन ती रद्द झाली तर मी स्वागतच करीन. प्रांतांना काही न देता रद्द झाली, तर अल्पसंख्याकांच्या हातून देशपातळीवर सौदा करण्याची एकमेव संधीही जाईल. तिथल्या मुस्लिम पुढाऱ्यांपैकी अनेकांना हीच धास्ती असते, आणि ती निराधार नाही. पण चाळीस वर्षं प्रत्येक मोठ्या पक्षानं कधी ना कधी हे पद रद्द करण्याचं वचन दिलंय. तोवर पद आहे असं धरूनच चालायला हवं.

पुढची निवडणूक २०२९ ला आहे. निवडणूक आयोगानं मळ्यांतल्या, उत्तरेतल्या, पूर्वेतल्या प्रत्येक केंद्राबाहेर तमिळमध्ये नमुना मतपत्रिका लावावी, एक-दोन-तीन लिहिलेली, आणि महिनाभर आधी शाळांच्या पटांगणात लोकांकडून ती भरून घ्यावी. युनियनवाल्यांनी आणि पक्षांनी ‘एकच खूण’ हा जुना सल्ला थांबवावा. तमिळ, मुस्लिम आणि मळ्यांतल्या पक्षांनी दुसऱ्या पसंतीच्या बदल्यात काय हवं त्याचा एक कागद एकत्र बसून लिहावा, आणि त्यात मंत्रिपदाचा उल्लेख नसावा. प्रांतिक परिषदांच्या निवडणुकीची तारीख, उत्तरेत सैन्याच्या ताब्यात राहिलेल्या खासगी जमिनी, लायनीतल्या प्रत्येक कुटुंबाच्या नावे घराखालची जागा, कुणाच्याही अंत्यविधीत सरकारचा हात पडणार नाही याची कायदेशीर हमी. तो कागद घेऊन प्रत्येक उमेदवाराकडे जावं, कोण सही करतो आणि कोण नाही ते जाफन्यात, पूर्वेतल्या मुस्लिम वस्तीच्या कट्टनकुडीत, हॅटनच्या बाजारात सभा घेऊन सांगावं, आणि मतदानाआधीच सांगावं.